शेपटाला लागणारी जागा

"मागचं तुम्हाला कळलंच नाही?" फुलवाल्या बाईनं विचारलं. ती रागावलेली नव्हती. रागावून चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यालाही आवाज चढवता आला असता. बस चालवायच्या तेवीस वर्षांत रस्त्यावर असे आवाज त्यानं पुष्कळ चढवले होते. पण ती एका पालथ्या बादलीवर बसून डाव्या पायातला मोजा सारखा करत होती आणि खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारत होती. दुकानापुढच्या तीन पत्र्याच्या बादल्या चपट्या झाल्या होत्या, फुलं आणि पाणी फुटपाथभर झालं होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिचा डावा बूट पडला होता, गाडीच्या मागच्या चाकाखालून गेलेला, पुठ्ठ्याइतका सपाट. "पाय आत्ताच बाहेर काढला होता हो," ती म्हणाली. "तळव्याला खाज आली म्हणून. एरवी बूट काढून बसायची मला सवय नाही." तो बुटाकडे बघत राहिला. मागच्या दारातून कुणी प्रवासी धावत पुढे आला नसता तर तो सिग्नल सुटल्यावर तसाच पुढे निघून गेला असता. सिग्नलला उभा असताना तो काय करत होता हेही त्याला लख्ख आठवत होतं. रुमालानं चष्म्याची काच पुसत होता आणि मनात म्हणत होता, वळण काय झकास बसलं.

डेपोत त्याला लोणी म्हणत. एका जुन्या कंडक्टरनं हे नाव ठेवलं होतं. याच्या गाडीत वळणावरसुद्धा उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नाही, लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी फिरते, असं तो दिसेल त्याला सांगत सुटायचा. तो कंडक्टर निवृत्त झाला, त्याच्या जागी तिकिटाचं यंत्र आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गेल्या वर्षी जुन्या एकेरी बसगाड्या भंगारात निघायला लागल्या आणि नव्या जोडबस आल्या: पुढे एक डबा, मागे एक डबा, मध्ये घड्या घातलेला काळा रबरी भाता, एकूण अठरा मीटर. पंधरा दिवसांचं शिक्षण झालं. मागचा डबा वळणावर आत ओढला जातो, हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं गेलं. त्यानं वहीत आकृती उतरवून घेतली, खाली रेघसुद्धा मारली. म्हणजे त्याला माहीत होतं. आता मॅनेजरनं त्याला समोर बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि ग्लास पुढे केला म्हणजे बातमी वाईट आहे हे त्याला कळलं. सोळा दिवस रस्त्यावर गाडी काढायची नाही. मधे एकदा यार्डात सराव आणि मग परीक्षा. पास झाला तर गाडी, नाहीतर स्पेअर पार्टचं स्टोअर. एकेरी गाड्या मागू नकोस, त्या आता उरल्या नाहीत. "अपघातानंतरही परीक्षेला बसू देतोय, ते तू आहेस म्हणून," मॅनेजर म्हणाला. स्टोअरची ती जाळीची खिडकी त्यानं हजारदा पाहिली होती. खिडकीच्या आत बसून निवृत्तीपर्यंतची सात वर्षं नटबोल्ट मोजून द्यायचे, आणि बाहेर दुसऱ्यांनी हातावरचं काळं तेल पुसत घाई करायची. नाही, हे होणार नाही, असं त्यानं तिथेच ठरवलं. कसं होणार नाही, ते त्याला माहीत नव्हतं.

घरी बसलेला ड्रायव्हर घरात मावत नाही. त्याची बायको घरीच पडदे शिवायची. समोरची खोली सगळी कापडानं भरलेली, आणि त्यात हा सकाळी आठला आंघोळ करून, कपडे घालून, कुठेच जायचं नसल्यामुळे सगळीकडे जात होता. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला कामाला लावलं. "अहो, मागच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये माझी दुसरी टेप असेल, बघा जरा." टेप मिळाली नाही. चार्जरच्या गुंत्यात मुलीचा पहिला मोबाईल मिळाला, शाळा संपताना घेतलेला, बटणांचा, साबणाच्या वडीएवढा. पाचाच्या बटणावरचा आकडा पार झिजून गेला होता. त्यानं तो काहीही मनात नसताना चार्जरला लावला, आणि अर्ध्या तासानं हिरवट राखाडी पडदा उजळला तेव्हा, का कोण जाणे, त्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी हाक दिल्यावर ओ दिली होती. आत फोन करायला काही नव्हतं, सिमकार्ड नव्हतं. घड्याळ होतं, गणकयंत्र होतं आणि सापाचा खेळ होता.

पहिल्या दिवशी तो भिंतीवर आपटून मेला. दोनदा, पाचदा, वीसदा. अंगठे जाडे, बटणं बारीक, उजवीकडे म्हणताना खाली जायचं. मग हात बसला आणि भिंतीचं मरण थांबलं. साप ठिपके खात वाढायला लागला आणि तेव्हा दुसरं मरण सुरू झालं: स्वतःच्याच अंगावर आपटण्याचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो खुर्चीत ताठ झाला. डोकं नीट चाललं होतं, समोर ठिपका होता, रस्ता मोकळा होता, आणि वळलं तर तिथे शेपूट होतं, त्याचंच, मघाशी तो जिथून गेला होता तिथे अजून रेंगाळलेलं. त्यानं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, उठून पाणी प्यायला, खिडकीतून खाली बघितलं. खाली एक बाई ढकलगाडीतलं मूल घेऊन कोपऱ्यावरून वळत होती, आणि ती वळताना त्याचं लक्ष तिच्या मागच्या चाकांकडे गेलं. मग तो परत येऊन बसला आणि मोबाईल उलटा केला. सोळातले तेरा दिवस उरले होते. त्याला एकदम वाटलं की आपल्याला जे शिकायचं आहे ते या एवढ्याशा पडद्यावर आहे, आणि एकदा असं वाटल्यावर तो हटणाऱ्यातला नव्हता.

त्या खेळात असतं तरी काय? रंग नाही, गोष्ट नाही, शत्रू नाही. डेपोतले तरुण ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर मोबाईलवर गाड्या उडवायचे, माणसं मारायचे, त्या मोबाईलमधून हत्यारांचे आवाज यायचे. महिन्याभरात खेळ जुना व्हायचा आणि दुसरा यायचा. हा खेळ मात्र जुना व्हायला तयारच नव्हता, कारण त्यात जुनं होण्यासारखं काही नव्हतंच. चार दिशा. एक ठिपका. आणि तुम्ही. दुसरं कुणी तुम्हाला मारायला येत नाही, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही. रस्त्यावर कशी रिक्षा आडवी येते, पादचारी बावळट असतात, खड्डे नगरपालिकेचे असतात. इथे आपण मेलो तर आपल्यामुळेच, इतकं लखलखीत. आणि मेल्यावर लगेच पुन्हा जन्म; दोन ठिपक्यांएवढा, हलका, काही न खाल्लेला, मागे काहीच नसलेला. हे मागे काही नसणं किती छान असतं हे त्याला रोज नव्यानं कळायचं. पहिले तीस-चाळीस ठिपके तो अक्षरशः तरंगत खायचा. मग शेपूट जाणवायला लागायचं. मग प्रत्येक घास नको वाटायचा, आणि तरी घास घेतल्याशिवाय खेळ नाही. आपलं लग्न झालं तेव्हाचं वय, मुलगी झाली तेव्हाचं, हे घर घेतलं तेव्हाचं, असं काहीबाही मोजत तो वाढत्या सापाला पडद्यावर फिरवायचा, आणि शंभराच्या आसपास कुठेतरी आपटायचा. साप पुढे पुढे वेगात जायला लागतो अशी त्याची खात्री होती. मग एके दुपारी त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. छोटा साप या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला जेवढे सेकंद घेत होता तेवढेच मोठा साप घेत होता. वेग तोच होता. फक्त जागा कमी झाली होती, आणि कमी जागेत तोच वेग त्याला घाईसारखा वाटत होता. हे शोधून काढल्यावर त्याला इतका आनंद झाला की त्यानं बायकोला हाक मारली, आणि ती तोंडात टाचण्या धरून आली तेव्हा तिला नेमकं काय सांगायचं ते त्याला जुळवता येईना.

मुलीचा फोन रविवारी आला. ती दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. "बाबा, आई म्हणतेय तुम्ही साप खेळताय? माझ्यावर किती ओरडायचात त्यावरून! डोळे जातील म्हणायचात." तो म्हणाला, "गेले नाहीत ना? दुसऱ्यांचे तपासतेस की." ती हसली. मग त्यानं गंभीरपणे विचारलं, "तू अकराशेपर्यंत कशी गेलीस? वर तुझाच आकडा आहे अजून." आणि तिनंही गंभीरपणे सांगितलं, "ठिपक्याच्या मागे धावायचं नाही, बाबा. तो कुठे पळत नाही, तिथेच असतो. तुम्ही ओळीनं जायचं, फरशी पुसतात तसं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि एक गल्ली कायम रिकामी ठेवायची, परत यायला. तिकडे ठिपका आला तरी शिरायचं नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमची परीक्षा होईल हो नीट." त्यानं "हं" म्हटलं. मुलगी आपल्याला धीर देते आहे हे त्याला आवडलं आणि त्याची लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

आता तो फरशी पुसल्यासारखा जायला लागला. दोनशे झाले, तीनशे झाले. पण खेळाचं एक वेगळंच लचांड मागे लागलं. तो रस्त्यानं चालायला लागला की त्याला आपल्या मागे काहीतरी लांबलचक येतं आहे असं वाटायचं. दुकानाच्या दारातून शिरल्यावर तो क्षणभर थांबायचा, बाकीचं आत येऊ द्यायला. जिन्यावर वळताना कठड्यापासून लांब वळायचा. बायको एकदा म्हणाली, "काय सारखं मागे बघताय? पोलीस लागलेत का मागे?" तो हसला, पण ती म्हणाली त्याबरोबर त्याला ती आठवली, सव्वीस वर्षांपूर्वीची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं बाजारातून चालत घरी येत होती, तो पुढे, ती मागे, आणि तो बोलत होता. तेव्हा चालवायचा त्या नव्या ट्रकच्या गिअरबॉक्सबद्दल बोलत होता, हातवारे करत, पुलावरून, शाळेवरून, कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापुढे. ती काही बोलत नव्हती, म्हणजे ऐकत होती. घरी आला, कुलूप काढलं, चहाचं आधण ठेवलं, आणि डबे उघडत विचारलं, "साखर कुठे ठेवलीस?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तो चक्क चिडला होता. मग वळला, तर मागे उघडं दार आणि जिना. धावत गेला तेव्हा ती पुलाच्या अलीकडे किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसली होती, पाय मुरगळून टम्म सुजलेला, हातात किल्लीवाल्यानं दिलेला पाण्याचा पेला. आपण घरी तिला साखर विचारत होतो हे त्यानं धापा टाकत सांगितलं, तेव्हा म्हणाली, "मिळाली साखर?" हा किस्सा तिनं इतक्या जणांना इतक्यांदा सांगितला होता की तो त्यांच्या घरचा विनोदच होऊन बसला होता, आणि तोही दरवेळी सगळ्यांबरोबर हसत आला होता. आज त्याला हसू येईना. पुलापासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट होती. वीस मिनिटं तो कुणाशी बोलत होता?

त्या दुपारी ती निळ्या कापडाला दुमड घालत होती तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन बसला. "त्या दिवशी तू हाक मारली होतीस का?" "कुठल्या दिवशी?" "पाय मुरगळला तेव्हा." तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. "दोनदा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा जोरात मारली. किल्लीवाला बाहेर आला ना, तो त्या हाकेनंच." "मग हे कधी बोलली नाहीस?" "बोलायचं काय त्यात? म्हटलं, घाई असेल." आणि तिनं मशीनचं चाक फिरवलं. ती रागावलेली नव्हती. या आठवड्यात त्याच्यावर रागावायला कुणी तयारच नव्हतं. तो उठला आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसला, आणि त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी त्याला वाटलं की परीक्षा पास व्हायलाच हवी. बिननटबोल्टाचं आयुष्य मिळावं म्हणून पास व्हायचं, हे तर होतंच. पण आपण मागचं बघू शकतो हे एकदा, एका ठिकाणी तरी, लेखी ठरायला हवं.

दहाव्या दिवशी यार्डात सराव मिळाला. परीक्षक बाई मुख्य कार्यालयातून आल्या होत्या, तिशीतल्या, पायात जाड बूट, हातात पाटीला लावलेला कागद. नारिंगी प्लॅस्टिकचे शंकू ओळीनं मांडलेले. डेपोत त्यांना टोप्या म्हणत. इंग्रजी एस सारखी वाट, मग एक काटकोन, मग एक अगदी आवळलेलं वळण आणि शेवटी थांब्याची रेघ. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि हाताला स्टिअरिंगचा गारवा लागल्याबरोबर पोटात काहीतरी जागेवर आलं. त्यानं पडद्यावरचा साप मनात धरला. डोकं जिथून गेलं तिथूनच शेपूट येणार, म्हणजे डोकं मोकळ्यातून न्या, शेपटाची काळजी मिटली. अगदी ठिपक्यानं ठिपका त्यानं पुढचा डबा टोप्यांमधून नेला, सुंदर नेला, आणि मागे फट्, फट्, फट् असे तीन आवाज झाले. बाई खिडकीखाली आल्या. "तुम्ही पुढचं फार छान चालवता," त्या म्हणाल्या, आणि त्याला फुलवाल्या बाईसमोर उभं राहिल्यासारखं झालं. "पण मागचा डबा तुमच्या वाटेनं येत नाही. तो त्याची वाट काढतो. तुम्ही बाहेरून गेलात की तो आतून येतो. तो तुमच्या मागे आहे, तुमच्यासारखा नाही." तो म्हणाला, "माहीत आहे, मॅडम." "माहीत तर सगळ्यांनाच असतं," बाई म्हणाल्या आणि पडलेल्या टोप्या स्वतःच उभ्या करायला गेल्या.

म्हणजे खेळानं फसवलं होतं. सात दिवस तो चुकीचं गिरवत बसला होता. घरी येऊन त्यानं मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावला, आणि चहा व्हायच्या आत पुन्हा काढला. वेड लागलं असं बायकोला वाटलं असेल, आणि तिचं फारसं चुकलं नसतं. पण या वेळी तो वेगळं बघत होता. साप त्याला वाट शिकवत नव्हता हे खरं. मग काय शिकवत होता? खेळता खेळता त्याच्या लक्षात आलं की तीनशेनंतर आपण डोक्याकडे बघतच नाही. नजर शेपटाच्या टोकावर असते; ते कुठून निघतंय, किती वेळानं तिथली जागा मोकळी होईल, तोवर डोकं कुठे नेऊन ठेवावं. डोकं आपसूक चालतं. शेपूट मात्र बघावं लागतं. फळ्यावरच्या आकृतीनं हे सांगितलं नव्हतं आणि बाईंनीही सांगितलं नव्हतं. हे अंगठ्यांनी शोधलं होतं. तो मेला, चारशे दहावर, आणि त्याला वाईट वाटलं नाही. पुन्हा दोन ठिपक्यांपासून सुरुवात केली. उरलेले दिवस सकाळी चहाआधी, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी बाल्कनीत उजेड असेपर्यंत तो नुसतं शेपटाकडे बघत खेळला. अकराशे काही झाले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी यार्डाच्या कठड्यापाशी बरेच जण जमले होते. महिन्याभरापासून जोडबसच्या सगळ्याच ड्रायव्हरांना ही परीक्षा लागली होती, आणि त्याच्यानंतर लंबूची होती; लंबू त्याच्याच बॅचचा, सहा फूट दोन इंच, आणि आज त्या उंचीतून अर्धा फूट गळाल्यासारखा दिसत होता. "बारा मिनिटं," लंबूनं त्याच्या कानाशी येऊन सांगितलं. "बारा मिनिटांच्या आत रेघेवर. मागचे तिघं त्याच्यावरच गेले." हे सगळ्या डेपोला पाठ होतं. पहिल्या नापास झालेल्यानं सांगितलं होतं, दुसऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं, तिसरा तर चौदा म्हणत होता पण त्याचं कुणी धरलं नाही. आणि दुसरीही एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती, ती कुणी सांगायची गरज नव्हती: ड्रायव्हर गाडीतून उतरून मागे बघत नाही. जो उतरला त्याला वर्षभर ऐकावं लागायचं. आता पायीच ने गाडी, म्हणायचे. खांद्यावर घे. तेवीस वर्षांत तो एकदाही उतरला नव्हता, आणि उतरलेल्यांना सगळ्यांत जास्त त्यानंच छळलं होतं.

एस गेला. काटकोन गेला. तो पुढे बघत होता ते नावाला, नजर आरशात. भाता एका बाजूनं आवळत होता, दुसऱ्या बाजूनं पसरत होता, मागचा डबा आत ओढला जात होता आणि टोपी आणि पत्रा यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी राहत होती. ती पट्टी त्यानं मिटू दिली नाही. मनगटावर पाहिलं, सात मिनिटं. मग आवळलेलं वळण आलं. डोकं आत घातलं, अर्धं घातलं, आणि आरशात भाता आला आणि मागच्या डब्याचं पोट आलं, आणि मागचं चाक दिसेनासं झालं. अंदाजानं बसत होतं. अंगात ते जुनं लोणी होतं, ते म्हणत होतं, बसतंय, ने. आठ मिनिटं. पाय ब्रेकवर होता आणि छाती अशी धडधडत होती की त्याला स्वतःचीच शरम वाटली. वळण ते केवढं, आणि माणूस किती वर्षांचा. उतरलो तर जाऊन येऊन, वाकून बघून, पाच मिनिटं जाणार. म्हणजे स्टोअर. जाळीची खिडकी. सात वर्षं. उतरलो नाही तर बहुतेक पास. बहुतेक. त्या चाकाशी आत्ता प्लॅस्टिकची टोपी होती, हे त्याला समजत होतं. पण आपल्याला ते दिसत नाही, एवढंच त्याला दिसत होतं. नाही आली गाडी हातात तर नाही आली, तो स्वतःशी म्हणाला, पण न बघता आता एक वीतभरसुद्धा नाही. त्यानं हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि उतरला.

कठड्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. "लोणी वितळलं रे!" हसण्याचा एक लोट आला. तो अठरा मीटर चालत गेला, कानांच्या पाळ्या तापलेल्या, आणि मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. टायर आणि टोपी यांच्यामध्ये त्याच्या हाताचा पंजा आडवा गेला, बोटं मिटून. त्यानं मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं, पुढच्या टोपीकडे पाहिलं, उठला, परत अठरा मीटर चालला, वर चढला, पाऊण फूट पुढे गेला, आणि पुन्हा उतरला. या वेळी शिट्टी आली नाही. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा तर लोक आपापसात बोलायला लागले होते, सामना हातचा गेल्यावर बोलतात तसे. घड्याळाकडे त्यानं बघणं सोडून दिलं होतं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्याला कळलं की आता आरसाही पुरेसा आहे, आता मागचा डबा कुठे आहे हे त्याच्या कमरेलाच कळतं आहे. उरलेलं वळण एकदाही न थांबता झालं. रेघेवर गाडी उभी करून त्यानं इंजिन बंद केलं आणि बसून राहिला. हरल्याचं दुःख होईल म्हणून तो वाट बघत होता, पण ते काही आलं नाही.

बाई खिडकीखाली आल्या. "एकही टोपी नाही," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली. "मधे तीनदा का उतरलात? पहिल्यांदा तर बसत होती गाडी. पंजाभर जागा होती."

"हो. वाटलं होतं मला, बसेल."

"मग?"

"बघितलं नव्हतं."

बाईंनी मान डोलावली, जणू हेच उत्तर कागदावर छापलेलं होतं. तो खाली उतरला आणि शेवटी विचारलंच, "किती मिनिटं झाली, मॅडम?"

"कसली मिनिटं?"

"बारा मिनिटांत व्हायला पाहिजे ना?"

"कुणी सांगितलं?" बाईंनी पाटी त्याच्यासमोर धरली. टोप्यांना स्पर्श, रेघेवर चाक, थांब्यापासून अंतर, शेरा. चार रकाने. नोटीस बोर्डावर हाच कागद महिनाभर लावलेला होता. "वेळेची अट कधीच नव्हती. मी तर वाट बघत होते, कुणीतरी थांबेल म्हणून. तुमच्याआधीचे तिघंही काय सुटले होते इथून! मला वाटलं, तुमच्याकडे सगळ्यांनाच कुठेतरी जायचं असतं." तो त्या चार रकान्यांकडे बघत राहिला. तेवीस वर्षं वेळापत्रकावर जगलेल्या माणसांना कोऱ्या कागदातही घड्याळ दिसलं होतं, आणि न लावलेल्या त्या घड्याळापायी तीन चांगले ड्रायव्हर जाळीमागे जाऊन बसले होते. त्याच्या डोळ्यांत आता पाणी आलं, आणि ते त्यानं पुसलंही नाही.

लंबू गाडीत चढून बसला होता. आरसे सारखे करता करता तो मनगटावर बघत होता, पुन्हा बघत होता, ओठ हलत होते. तो खाली लंबूच्या खिडकीपाशी गेला आणि त्यानं हात वर केला. "ते घड्याळ काढ आणि दे माझ्याकडे."

"अरे, बारा मिनिटं..."

"नाहीयेत. कधीच नव्हती. कागद वाचून आलोय मी." लंबूला पटेना, पण त्यानं पट्टा सोडला. घड्याळ त्याच्या घामानं ओलं झालं होतं. "दिसलं नाही तर थांब," तो म्हणाला. "वाटलं तर उतर. हसतील, हसू देत. आणि उतरायचं नसेल तर हाक मार, मी मागे उभा आहे."

"तू कुठे उभा राहणार?"

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, टोप्यांच्या बाहेर राहायचं. मग तो गाडीच्या कडेकडेनं चालत गेला, पुढचा डबा, भाता, मागचा डबा, आणि मागच्या चाकापासून चार पावलांवर, जिथून लंबूला आरशात तो दिसेल आणि त्याला लंबूची हाक ऐकू येईल, तिथे जाऊन उभा राहिला.